एक भुंकलं की दुसरं का भुंकतं : कुत्र्यांना एकमेकांचा गुण नेमका लागतो कसा

आमच्याकडे दोन कुत्री आहेत, राणी आणि बंड्या. राणी सहा वर्षांची, गावठी, रंगानं तांबूस, स्वभावानं एकदम शांत, पण सिलेंडरच्या गाडीचा आवाज आला की संपलं, टाक्या एकमेकींवर आपटल्याचा तो खणखणाट कानावर पडला की ती गेटवर जाऊन जी भुंकायला लागते ती गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. कारण आम्हाला माहीत आहे, ती लहान असताना एक रिकामी टाकी निसटून तिच्या अगदी शेजारी येऊन पडली होती. बंड्या मागच्या जूनमध्ये आला, दोन महिन्यांचा. त्याच्या शेजारी कधी काही पडलं नाही, उलट सिलेंडरवाल्या दादानं त्याला कौतुकानं उचलून घेतलेलं. तरी तीन आठवड्यांत बंड्यापण त्याच आवाजाला, त्याच गेटवर, तसाच भुंकायला लागला.

घरात सगळे म्हणाले, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ते बरोबरच आहे, पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच प्रश्न की हा गुण लागतो म्हणजे नक्की होतं काय? बंड्यानं राणीची नक्कल केली का, की राणीनं त्याला शिकवलं, की त्याला नुसती भीती लागली? यावर जगभर बरंच काम झालंय आणि ते वाचताना मला घरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण गुण कुठल्या रस्त्यानं येतो हे कळलं तर कुठे अडवायचा हेही कळतं.

आधी मी काय पाहिलं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात बंड्या भुंकायचा तेव्हा तो गेटकडे बघतच नव्हता, तो राणीच्या तोंडाकडे बघून भुंकायचा. ती थांबली की हा थांबायचा, ती परत सुरू झाली की हा सुरू. बाहेर सिलेंडर आहे का भाजीवाला आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तो राणीकडे एकदा आणि गेटकडे एकदा असं बघायला लागला. आणि नंतर एक दिवस राणी वर गच्चीत झोपलेली असताना गल्लीत खणखण झाली आणि बंड्या एकटा गेटवर धावला. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एकच सवय दिसते, पण आत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागोमाग एक घडल्यात, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे नुसती लागण. एकानं केलं म्हणून दुसऱ्याच्याही अंगात ते येतं, विचार वगैरे काही नाही. रात्री दोन वाजता गल्लीच्या एका टोकाला एक कुत्रं भुंकतं आणि दोन मिनिटांत चार गल्ल्या भुंकत असतात, त्यातल्या निम्म्या कुत्र्यांना कशावर भुंकतोय याचा पत्ता नसतो. हे शिकणं नाही, भुंकणं प्रत्येकाला येतंच, फक्त दुसऱ्याचं ऐकून ते बाहेर पडतं. खाण्याचंही तसंच. पोट भरलेल्या पिल्लाला चार भुकेल्या पिल्लांत सोडलं तर ते परत खायला लागतं, हे अमेरिकेत १९४० च्या दशकातच प्रयोग करून पाहिलं गेलंय. आपल्याकडे तर एकट्यानं दूधभात न खाणारं कुत्रं शेजारचं कुत्रं फाटकात आलं की वाडगं चाटूनपुसून साफ करतं हे घरोघरी बघायला मिळतं. २००८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी माणसाला कुत्र्यांसमोर जांभया द्यायला लावल्या, तर २९ पैकी २१ कुत्र्यांनी परत जांभई दिली. आणि इटलीत पालेर्मोच्या एका पार्कमध्ये खेळणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ घेऊन २०१५ मध्ये असं दाखवलं गेलं की एकानं पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर केला, ते खेळायला बोलवताना करतात ना तसं, किंवा तोंड सैल उघडं टाकलं, की समोरचं कुत्रं क्षणात तेच करतं, आणि जुनी दोस्ती असेल तर जास्तच. म्हणजे एकाचा मूड दुसऱ्याच्या अंगात उतरतो. बंड्याचा पहिला आठवडा हा असा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष ओढलं जाणं, आणि माझ्या मते घरातल्या बहुतेक सवयी याच रस्त्यानं येतात. समजा राणी तुळशीवृंदावनाच्या मागे उकरतेय. बंड्या तिचे पाय कसे हलतात हे बघून शिकत नाही, उकरायचं कसं हे त्याला जन्मतः येतं. त्याला फक्त एवढं कळतं की त्या कोपऱ्यात काहीतरी आहे. तो तिथे जातो, हुंगतो, माती ओली आणि गार लागते, मजा येते, संपलं. पुढच्या वेळी राणी नसली तरी तो तिथेच जाणार. शी-शूची जागाही पिल्लं बऱ्याचदा अशीच पकडतात, मोठं कुत्रं जिथे जातं तिथे मागून जातात आणि तिथला वास बाकीचं काम करतो. आम्हाला बंड्याला बाहेर करायला शिकवावं असं फारसं लागलंच नाही, ते श्रेय राणीचं आहे.

वासावरून आठवलं, एक फार सुंदर प्रयोग आहे २००७ चा. एका कुत्र्याला बेझिल, म्हणजे आपल्या तुळशीची परदेशी बहीण, नाहीतर थाइम, म्हणजे ओव्यासारखा उग्र वास असलेला एक पाला, यातलं एक काहीतरी घातलेलं खाणं दिलं. मग त्याला दुसऱ्या कुत्र्याबरोबर थोडा वेळ सोडलं, आणि त्यानंतर दुसऱ्यासमोर दोन्ही प्रकारची खाणी ठेवली. तर पहिल्यानं जे खाल्लं होतं तेच दुसऱ्यानं जास्त खाल्लं. त्यानं पहिल्याला खाताना पाहिलंच नव्हतं! नुसता तोंडाचा वास घेतला होता. आता राणी बाहेरून आली की बंड्या तिचं तोंड का हुंगतो हे मला कळलं, तो एका अर्थी विचारतोय की आज काय खाल्लंस.

आता नक्कल. खरी नक्कल म्हणजे दुसऱ्यानं ज्या पद्धतीनं केलं त्याच पद्धतीनं करणं, ही कुत्र्यांना जमते का यावर भरपूर वाद आहे. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००७ मध्ये गिनेस नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला एक लटकती लाकडी दांडी पंजानं ओढायला शिकवलं, ओढली की खाऊ पडतो. एरवी कुत्रं असं काम तोंडानं करतं. मग दुसऱ्या कुत्र्यांना ते दाखवलं, पण दोन प्रकारे. काहींसमोर गिनेसचं तोंड रिकामं होतं तरी तिनं पंजा वापरला, काहींसमोर तिच्या तोंडात बॉल होता म्हणून पंजा वापरावा लागला. ज्यांनी रिकामं तोंड पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी पंजा वापरला, आणि ज्यांनी बॉल पाहिला त्यातल्या बहुतेकांनी सरळ तोंड वापरलं, जणू त्यांना कळलं की हिचा नाइलाज होता, आपलं तोंड तर मोकळं आहे. हे वाचून मी अक्षरशः उठून बंड्याकडे बघितलं. पण २०११ मध्ये जर्मनीतल्या लायप्झिगच्या टीमनं असाच प्रयोग परत केला तेव्हा त्यांना हा फरक दिसला नाही. म्हणून मी स्वतः इथे जपूनच बोलेन. कुत्रं दुसऱ्याकडे बघून शिकतं हे पक्कं, पण ते दुसऱ्याचं मन ओळखून निवडून शिकतं हे म्हणायला अजून वेळ आहे.

पक्कं का म्हणतोय ते सांगतो. बुडापेस्टला एक प्रयोग झाला, २००१ चा, अगदी साधा. तारेच्या जाळीचं व्ही आकाराचं कुंपण, आतल्या कोपऱ्यात खेळणं किंवा खाऊ, कुत्रं बाहेर टोकाशी. समोर दिसतंय पण सरळ जाता येत नाही, आधी लांब जाऊन वळसा घालून यायला लागतं, आणि कुत्र्याला हेच अवघड जातं, ते जाळीला नाक लावून तिथेच उकरत बसतं. सहा वेळा करूनही स्वतःहून त्यांच्यात फारशी सुधारणा झाली नाही. माणसानं एकदा वळसा घालून दाखवला तर दोन-तीन प्रयत्नांत जमायला लागलं. पुढे त्याच लोकांनी माणसाऐवजी अनोळखी कुत्रं वापरलं, तेही चाललं. अजून एक बारीक गोष्ट त्यांना सापडली ती मला घरात फार उपयोगी पडली, माणूस दाखवताना गप्प राहिला तर परिणाम कमी, आणि "ए बघ बघ" असं कुत्र्याशी बोलत दाखवलं तर जास्त.

मग कुणाकडून कोण शिकतं? २००८ मध्ये त्याच ग्रुपनं ज्या घरांत एकापेक्षा जास्त कुत्री आहेत तिथली कुत्री घेतली, मालकांना विचारलं की पाहुणा आला की आधी कोण भुंकतं, आधी कोण खातं, भांडणात कोण जिंकतं, कोण कुणाचं तोंड चाटतं, त्यावरून घरात वरचढ कोण आणि पडतं घेणारं कोण हे ठरवलं, आणि मग कुंपणाचा खेळ. दुसऱ्या कुत्र्यानं करून दाखवलं तेव्हा पडतं घेणारी कुत्री झटकन शिकली, वरचढ कुत्री नाही. माणसानं दाखवलं तर मात्र वरचढ कुत्रीसुद्धा शिकत होती. आमच्या घरात हे तंतोतंत लागू पडतं, बंड्यानं राणीच्या डझनभर सवयी उचलल्या आणि राणीनं त्याची एकही नाही, चपला पळवण्याचीसुद्धा नाही. दोन कुत्र्यांवरून मी काही सिद्ध करत नाहीये, पण ज्यांच्या घरी दोन आहेत त्यांनी जरूर बघावं की गुण कुठून कुठे वाहतो.

आईकडून लागणाऱ्या गुणाबद्दल दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या जर्मन शेफर्डवर झालेलं काम मला फार आवडतं, १९९७ मध्ये ते छापून आलं. अमली पदार्थ हुंगून शोधणाऱ्या कुत्रीची पिल्लं सहा ते बारा आठवड्यांची असताना तिला काम करताना बघायची, बस एवढंच, त्यांना कुणी काही शिकवलं नाही, बक्षीस दिलं नाही. सहा महिन्यांची झाल्यावर परीक्षा घेतली तर ज्यांनी आईला पाहिलं होतं ती बाकीच्या पिल्लांपेक्षा हेच काम कितीतरी चांगलं करत होती. आता हा सहा ते बारा आठवड्यांचा काळ लक्षात घ्या. साधारण तीन ते बारा आठवडे हा पिल्लाच्या मनाचा सगळ्यात कोवळा काळ असतो हे अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून, बघून १९६५ मध्ये लिहून ठेवलंय. आणि आपल्याकडे काय होतं, तर पैसे मोजून पिल्लू आणणारे बरेच जण चार-पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणतात कारण ते "गोंडस" असतं. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. आईजवळ आणि भावंडांत राहून जे शिकायचं असतं, दात किती जोरात लावायचे, खेळ कुठे थांबवायचा, ते मग कुणी शिकवायचं? बंड्या आमच्याकडे आठ आठवडे आईजवळ राहून आला, आणि त्याला चावू नको असं कधी ओरडून सांगावं लागलं नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं याहून वेगळं आणि आपल्या जास्त जवळचं उदाहरण कोलकात्याचं आहे. तिथल्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांची टीम भारतातल्या गल्लीतल्या कुत्र्यांवरच काम करते. त्यांना दिसलं की मोठी कुत्री कचऱ्यात तोंड घातल्यावर ज्याला मांसाचा वास जास्त ते आधी खातात. चार ते सहा आठवड्यांची पिल्लं मात्र खाताना हा नियम पाळत नाहीत, आणि गंमत म्हणजे नुसता वास शोधायला लावलं तर त्यांना तो बरोब्बर सापडतो. नाक तयार आहे, पण "याला आधी खा" हे अजून डोक्यात बसलेलं नाही. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लांना थोडंथोडं जमतं. म्हणजे हे रक्तात नाही, हे कचऱ्यात फिरून, खाऊन बघून, चांगलं लागलं म्हणून पक्कं होत जातं.

आणि हीच ती तिसरी गोष्ट, जी बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. दुसरं कुत्रं फक्त दार उघडून देतं, सवय पक्की होते ती स्वतःला काय मिळालं त्यावर. बंड्या गेटवर भुंकला आणि गाडी निघून गेली. गाडी जाणारच होती, दादाला पुढच्या घरी टाकी द्यायची होती, पण बंड्याच्या डोक्यात काय नोंद झाली, की मी भुंकलो आणि ते गेलं. दर वेळी भुंकलो, दर वेळी गेलं. याच्यापेक्षा मोठं बक्षीस कुठलं? पोस्टमन, कुरिअरवाला, शेजारची मांजर, सगळ्यांचं हेच गणित. त्यामुळे राणी शिकवायला नसली तरी आता बंड्याला राणीची गरज उरलेली नाही.

उलट बाजूनं बघितलं तर हेही कळतं की काही गोष्टी एकाकडून दुसऱ्याकडे का जात नाहीत. राणीला शेकहँड येतो. बायको बिस्किटाचा डबा घेऊन बसते, राणी पंजा देते, बिस्कीट मिळतं, बंड्या हे रोज बघतो. सहा महिन्यांत त्यानं पंजा एकदाही दिला नाही, पण डब्याचं झाकण वाजलं की मात्र जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी हजर. त्याचं लक्ष पंजाकडे गेलंच नव्हतं, डब्याकडे गेलं होतं. म्हणून "मोठं शिकलेलं आहे, आता लहान आपोआप शिकेल" या भरवशावर राहू नका, बस, थांब, ये ही कामं प्रत्येकाला वेगवेगळी शिकवायला लागतात, आणि तीही दुसरं कुत्रं समोर नसताना.

लांडग्यांबद्दल एक सांगून टाकतो. ऑस्ट्रियात एर्न्स्टब्रून इथे लांडगे आणि कुत्री अगदी सारख्या पद्धतीनं वाढवून त्यांची तुलना करतात. तिथे सहा महिन्यांच्या १४ लांडग्यांना आणि १५ कुत्र्यांना एका कुत्र्यानं पेटी उघडून दाखवली. सगळ्या लांडग्यांनी उघडली, कुत्र्यांपैकी फक्त चार जणांना जमलं, हे २०१४ चं काम. नऊ महिन्यांनी परत करून पाहिलं, मोठी होऊनही कुत्र्यांची गाडी तिथेच. लांडग्याला जगायचं असेल तर कळपातल्या दुसऱ्या लांडग्याच्या बारीक हालचालीकडे लक्ष द्यावंच लागतं, कुत्र्याचं लक्ष हजारो वर्षांत बरंचसं माणसाकडे वळलं, असा याचा एक अर्थ लावतात आणि मला तो पटतो. म्हणूनच तर घरात ताण असला की कुत्र्यावर दिसतो. स्वीडनमध्ये २०१९ मध्ये ५८ कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले, केसांत ताणाचं संप्रेरक महिनोन्‌महिने साठत जातं, तर ज्यांच्या केसांत ते जास्त त्यांच्या कुत्र्यांच्या केसांतही जास्त. गुण फक्त शेजारी बांधलेल्या पवळ्याला नाही, दावं धरणाऱ्याकडूनही लागतो म्हणायचा.

आता ज्यांच्या मनात दुसरं कुत्रं आणायचं आहे त्यांना कळकळीनं सांगतो, आधी पहिल्याकडे नीट बघा. ते पट्ट्याला ओढत असेल, फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जात असेल, दारावरच्या बेलला वेडं होत असेल, तर नवीन आलेल्याला ते पहिल्या महिन्यात लागणार हे धरून चाला. आणि "दुसरं आलं की याला सोबत होईल, मग हे सुधारेल" म्हणून आणायचं असेल तर प्लीज थांबा, मी तीन घरांत बघितलंय की एका घाबरट कुत्र्याची दोन घाबरट कुत्री झाली. दिवाळीत आम्ही पहिल्या संध्याकाळी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं, राणीजवळ मी बसलो, बंड्याला मुलीनं आतल्या खोलीत पंखा आणि रेडिओ लावून चीजचे तुकडे देत खेळवलं. राणी रात्रभर थरथरत होती. बंड्यानं मोठ्या आवाजाला एकदा कान टवकारले आणि परत चीजकडे बघायला लागला. एकत्र ठेवलं असतं तर त्यानं राणीकडे पाहिलं असतं आणि आवाजाचा अर्थ तिच्याकडून घेतला असता. तसंच रोज सकाळी मी बंड्याला एकट्याला फिरवतो, पंधरा-वीस मिनिटंच, पण तेवढ्या वेळात सायकल, गाय, शाळेची व्हॅन या सगळ्यांबद्दल त्याचं मत त्याचं स्वतःचं बनतं. वेळ काढायला कठीण जातं हे मान्य, पण पहिले सहा महिने हे करणं नंतरच्या दहा वर्षांपेक्षा सोपं आहे.

आणि जे आधीच लागलंय त्याचं काय? तिथे मूळ धरायचं, म्हणजे जिच्याकडून आलं ती. आम्ही बंड्याला सोडून राणीवर काम सुरू केलं. लांबून टाक्यांची खणखण ऐकू आली रे आली, ती गेटकडे निघायच्या आत, स्वयंपाकघरातल्या गोणपाटावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी मोबाईलवर तो आवाज रेकॉर्ड करून अगदी हळू लावायचो, मग थोडा मोठा, मग खरी गाडी. बंड्याला त्या वेळी मुलगी मागच्या अंगणात घेऊन जायची म्हणजे त्याची गेटवरची प्रॅक्टिस बंद. महिना-दीड महिना गेला. राणीची भीती गेलेली नाही, खरं सांगायचं तर ती जाईल असं मला वाटतही नाही, ती अजून गेटपर्यंत जाते, दोनदा भुंकते आणि मग वळून गोणपाटावर येऊन बसते.

मग बंड्याला परत तिच्याबरोबर ठेवलं. पहिल्या दिवशी तो भुंकत राहिला, ती वळली तेव्हा गोंधळून तिच्याकडे बघितलं आणि मागून आला. त्यालाही अंडं मिळालं. परवा राणी वर गच्चीत होती आणि गाडी आली. बंड्या एकटाच गेटवर धावला, दोनदा भुंकला, मोजून दोनदा, आणि पळत येऊन गोणपाटावर बसला.